सही राहिली, बाकीचं उडालं: चेकवरच्या उडत्या शाईची फसवणूक

कर्ज मिळवून देतो म्हणून घरी आलेला माणूस चेक घेऊन जातो आणि दुसऱ्या दिवशी खात्यातून चाळीस-पंचेचाळीस हजार रुपये रोख निघालेले असतात. चेकवर सही खातेदाराचीच, अगदी खरी. खाडाखोड नाही, ब्लेडने खरवडल्याची खूण नाही. बँकेत भांडायला गेलेल्या माणसासमोर चेकची प्रत ठेवली जाते आणि तो चक्रावून जातो. त्याने दिलेला चेक नऊशे नव्याण्णव रुपयांचा होता, कंपनीच्या नावाचा होता, कोपऱ्यात दोन रेघा मारून ‘अकाउंट पेयी’ केलेला होता. समोरच्या प्रतीत यातलं काहीच नाही. नाव भलत्याचंच, आकडा भलताच, रेघा गायब. सही तेवढी जशीच्या तशी.

अशा तक्रारी देशात अनेक शहरांतून आल्या आहेत आणि पद्धत बहुतेक ठिकाणी एकच. आधी फोन येतो: तुमचं कर्ज प्री-अप्रूव्ड आहे, व्याज कमी, माणूस घरी येऊन कागद नेईल. येणाऱ्याच्या गळ्यात ओळखपत्र असतं, बॅगेत छापील फॉर्म असतात. आधार, पॅन, फोटो आणि तीन महिन्यांचं स्टेटमेंट मागितलं जातं. स्टेटमेंट कर्ज ठरवायला नसतं, खात्यात किती आहे ते बघायला असतं. “काका, व्हेरिफिकेशन होईपर्यंत खात्यात थोडा बॅलन्स राहू द्या हं,” हे वाक्य आलं तर तिथेच उठावं. ज्याला कर्ज हवंय त्याच्या खात्यातल्या शिलकेशी कर्ज देणाऱ्याच्या पोऱ्याला काय करायचंय?

मग दोन चेक. एक प्रोसेसिंग फीचा, एक कॅन्सल केलेला. “स्कॅनिंगला आमच्याच पेनाची शाई चालते,” असं सांगून तो स्वतः चेक भरतो किंवा पेन तुमच्या हातात देतो. नाव, आकडा, अक्षरी रक्कम, क्रॉसिंगच्या रेघा, सगळं त्याच्या पेनाने. सहीची वेळ आली की पेन बदलतं. “हे जरा अडकतंय, तुमचंच घ्या ना.” सगळा डाव या अदलाबदलीत आहे. तुमच्या बॉलपेनाची सही कागदात मुरते. बाकीची शाई त्याला हवी तेव्हा उडवता येते. संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे तुमची खरी सही असलेला कोरा चेक तयार असतो.

चेकच्या कागदाला संरक्षण नाही असं नाही. चेकची प्रतिमा पाठवून तो वटवण्याच्या पद्धतीसाठी रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेल्या सीटीएस-२०१० मानकात कागदावर ‘सीटीएस-इंडिया’ हा वॉटरमार्क असतो, झेरॉक्स काढली तर ‘व्हॉइड’ हा शब्द उमटेल अशी छपाई असते आणि बँकेचं बोधचिन्ह अदृश्य शाईत छापलेलं असतं, ते फक्त अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली दिसतं. आम्ल, अल्कली, ब्लीच किंवा एखादं द्रावक लावलं तर कागदावर डाग उमटावा, अशीही अट आहे. चेक ‘धुणाऱ्या’ जुन्या टोळ्यांवर हा चांगला उपाय होता, कारण पक्की शाई काढायची तर कागदावर रसायन टाकावंच लागतं. इथे मात्र कागदावर कोणी काही टाकतच नाही. शाई मुळातच जाणारी आहे, ती नुसत्या उष्णतेने जाते. कागद ज्या हल्ल्यासाठी तयार केलाय, तो हल्ला होतच नाही. सगळी सुरक्षा चिन्हं शाबूत ठेवून चेक बदलला जातो तो असा.

उष्णतेने उडणारी शाई बाजारात उघड मिळते, आणि ती बनवली गेली ती चांगल्या कामासाठी. जपानच्या पायलट कंपनीची ‘फ्रिक्शन’ पेनं २००६-०७ च्या सुमारास आली. शाळेच्या वह्या, डायरी, नकाशे यांत खोडून लिहिता यावं हा हेतू. प्रमाणपत्रं, कायदेशीर कागद, पाकिटावरचे पत्ते यांसाठी हे पेन वापरू नका, असं कंपनी स्वतःच सांगते. आता याच तत्त्वाची स्वस्त पेनं स्टेशनरीच्या कुठल्याही दुकानात ‘इरेझेबल जेल’ म्हणून मिळतात. टोकाला असतं ते खोडरबर नाही. ते कडक प्लास्टिकचं असतं आणि खोडताना कचरा पडत नाही, कारण ते फक्त घासून कागद तापवतं.

या शाईत काही मायक्रोमीटर व्यासाच्या बंद कॅप्सूल असतात. प्रत्येकीत तीन पदार्थ: एरवी रंगहीन असणारा ल्युको डाय, त्याला रंगात आणणारा सौम्य आम्लधर्मी डेव्हलपर आणि ठरावीक तापमानाला वितळणारा मेणचट द्रावक. द्रावक घट्ट असतो तोवर डेव्हलपर डायला चिकटून असतो, डायच्या रेणूतलं लॅक्टोनचं कडं उघडलेलं असतं आणि अक्षर निळं किंवा काळं दिसतं. तापमान साधारण साठ ते पासष्ट अंश सेल्सिअसला गेलं की द्रावक वितळतो, डेव्हलपर डायपासून सुटतो, कडं मिटतं आणि रंग जातो. कागद थंड झाला की रंग परत यायला हवा, पण येत नाही, आणि खरी करामत इथे आहे. द्रावक असा निवडलेला असतो की वितळतो साठच्या पुढे, पण डायला पुन्हा रंगात येऊ देईल इतका गोठतो थेट उणे दहा ते उणे वीस अंशांच्या टप्प्यात. मधल्या सगळ्या पट्ट्यात, म्हणजे मुंबईच्या उकाड्यापासून महाबळेश्वरच्या थंडीपर्यंत, शाई शेवटच्या अवस्थेतच अडकून राहते. लिहिली तर दिसत राहते, उडाली तर उडालेलीच राहते.

साठ अंश म्हणजे फार नाही. इस्त्री, हेअर ड्रायर, लॅमिनेशनचं मशीन, नुकतं उकळलेलं पाणी भरलेला स्टीलचा पेला, सगळीकडे त्याहून जास्त तापमान असतं. लेझर प्रिंटरच्या फ्युजरमध्ये कागद दीडशे अंशांच्या वर तापतो. तिथून कागद एकदा गेला की मजकूर साफ. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली वहीसुद्धा कोरी होऊ शकते.

दुसरी शाई हवेने उडते. जादूच्या प्रयोगाच्या सामानात मिळणारी निळी शाई बहुधा हीच. तिच्यात थायमॉल्फ्थॅलीन हा दर्शक, म्हणजे आम्ल-अल्कलीप्रमाणे रंग बदलणारा पदार्थ, आणि थोडा सोडिअम हायड्रॉक्साइड असतो. सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) १०.५ च्या वर हा दर्शक निळा असतो, ९.३ च्या खाली रंगहीन. गुलाबी शाई हवी तर फिनॉल्फ्थॅलीन, ते ८.२ च्या खाली रंग सोडतं. कागदावर पसरलेल्या पातळ थरात हवेतला कार्बन डायऑक्साइड मिसळतो आणि हायड्रॉक्साइडचं सोडिअम कार्बोनेट होतं. बरीच पुस्तकं इथेच थांबतात, पण कार्बोनेट म्हणजे धुण्याचा सोडा, त्याच्या द्रावणाचा सामूही अकराच्या आसपास. एवढ्याने निळा रंग जायचा नाही. पुढे आणखी कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा मिळून बायकार्बोनेट झालं, की सामू साडेआठच्या आसपास येतो आणि मगच अक्षर पुसट होत जातं. अल्कली किती घातली आहे आणि अक्षर किती जाड आहे यावर हा वेळ मिनिटांचाही असतो, एखाद्या दिवसाचाही. चेक मारणाऱ्याला ही शाई तितकीशी सोयीची नाही: वेळ त्याच्या हातात नसते, आणि अल्कलीमुळे चेकच्या संवेदनशील कागदावर ठसा राहू शकतो. करारपत्रं आणि पावत्यांवर मात्र ती खपून जाते. भरतकामवाल्यांची एक-दोन दिवसांत आपोआप उडणारी जांभळी मार्किंग पेनंही याच वापरात येऊ शकतात. दमट हवेत त्यांची खूण लवकर जाते.

स्टार्च आणि आयोडीनची जुनी शाईही याच घराण्यातली. आयोडीन हळूहळू उडून जातं आणि निळा-काळा रंग फिका होतो. तपकिरी डाग मागे राहू शकतो, त्यामुळे चेकसाठी ती कुचकामी.

हातात दिलेलं पेन ओळखता येतं का? अर्धवट. रद्दी कागदावर जाड रेघ मारा, वाळू द्या आणि पेनाच्या टोपणाने दहा-पंधरा सेकंद जोरात घासा, किंवा उकळत्या पाण्याच्या स्टीलच्या पेल्याचा तळ रेघेवर टेकवा. उष्णतेची शाई असेल तर रेघ डोळ्यांदेखत जाईल. पण रेघ गेली नाही म्हणून पेन चांगलं, असं मुळीच नाही; हवेने उडणारी शाई ही परीक्षा सहज पास होते, आणि तिच्यासाठी दोन-तीन दिवस थांबावं लागतं. समोर बसलेला माणूस तेवढा थांबणार नाही. म्हणून परीक्षा घेत बसण्यापेक्षा चेक पहिल्या अक्षरापासून शेवटच्या रेघेपर्यंत आपल्या पेनाने भरणं हेच बरं. क्रॉसिंगच्या रेघा, रकमेपुढची ‘/-’ ची खूण, उरलेल्या जागेतली आडवी रेघ, तारीख, सगळं. नावापुढे जागा सोडू नका, रेघ ओढा, हा घराघरात सांगितला जाणारा सल्ला चांगलाच आहे, पण ती रेघच त्याच्या पेनाने ओढली तर तिचा काय उपयोग!

पेन कोणतं घ्यावं? साधं तेलकट शाईचं बॉलपेन पुरतं. त्याची घट्ट शाई कागदाच्या तंतूंत मुरते आणि दाबामुळे कागदावर खाचही पडते. दस्तऐवजी वापराच्या बॉलपेनांसाठी आयएसओ १२७५७-२ हे मानक आहे. अशा रिफिलवर ‘डीओसी’ लिहिलेलं असतं. रंगद्रव्याची, म्हणजे पिगमेंटची काळी जेल शाईही टिकाऊ असते. शाईपेनातली धुता येणारी निळी शाई मात्र चेकसाठी टाळा. ती सल्फाइटच्या शाईखोड पेनाने रंगहीन होते, आणि नुसतं पाणी लागलं तरी पसरते.

कॅन्सल्ड चेकचा घोटाळा याहून वाईट, कारण तिथे लोक गाफील असतात. चेकवर आडवं ‘कॅन्सल्ड’ लिहिलं की तो मेला, असं आपण धरून चालतो. तो शब्द उडत्या शाईत असेल आणि खाली तुमची सही असेल, तर तो चेक जिवंत आहे. कॅन्सल्ड चेकवर सही लागतच नाही. त्याचं काम फक्त खाते क्रमांक, आयएफएससी आणि नाव दाखवणं एवढंच. कोणी सही मागितली तर सरळ नाही म्हणा. शब्द आपल्या बॉलपेनाने, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोठा लिहा आणि सहीच्या जागेचा तुकडा कात्रीने कापून टाका. खालची एमआयसीआरची पट्टी तशीच राहू द्या, कारण आकडे तिथूनच वाचले जातात. पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत चालत असेल तर ती दिलेली उत्तम.

बँकेत हा चेक का अडकत नाही, हेही समजून घ्यायला हवं. क्लिअरिंगमध्ये आता कागद फिरत नाही. ज्या बँकेत चेक भरला जातो ती त्याच्या तीन प्रतिमा काढते: पुढच्या बाजूची एक ग्रेस्केल आणि एक काळी-पांढरी, मागच्या बाजूची एक काळी-पांढरी. तुमच्या बँकेतला माणूस पडद्यावर सही जुळवतो. दोन वेगळ्या निळ्या शाया त्या प्रतिमेत एकसारख्याच करड्या दिसतात. त्यात ४ ऑक्टोबर २०२५ पासून क्लिअरिंग सलग चालतं. दिवसा स्कॅन झालेला चेक तुमच्या बँकेकडे लगेच जातो आणि तिला संध्याकाळी सातपर्यंत उत्तर द्यावं लागतं. पूर्वी स्टॉप पेमेंटला दुसरा दिवस मिळायचा, आता तासांचाच अवधी. काउंटरवर रोख मागितली तर तेवढाही नाही.

यावर सर्वात परिणामकारक उपाय म्हणजे पॉझिटिव्ह पे. रिझर्व्ह बँकेने ही सोय १ जानेवारी २०२१ पासून लागू केली. चेक दिला की क्रमांक, तारीख, घेणाऱ्याचं नाव आणि रक्कम ॲपवर किंवा शाखेत आधीच नोंदवायची. क्लिअरिंगमध्ये आलेला चेक या नोंदीशी जुळला नाही तर यंत्रणा दोन्ही बँकांना तसं कळवते आणि त्यांनी त्यावर पाऊल उचलायचं असतं. पन्नास हजार आणि त्यावरच्या चेकसाठी बँकांनी ही सोय द्यायची आहे, पाच लाख आणि त्यावर ती सक्तीची करायची मुभा त्यांना आहे. ठगाचा आकडा पन्नास हजारांच्या आत का असतो, ते आता कळलं असेल. काउंटरवरच्या रोख चेकला ही जुळणी सगळीकडे लागेलच असंही नाही. आपल्या शाखेत विचारून ठेवा. चेकवर छापलेलं ‘या धारक को / ऑर बेअरर’ हे आपल्या पेनाने खोडणं आणि क्रॉसिंग करणं, हे इथे उपयोगी पडतं, कारण क्रॉस केलेल्या चेकचे पैसे काउंटरवर मिळत नाहीत, ते कोणाच्या तरी खात्यातच जावे लागतात आणि खात्याचा माग काढता येतो.

पैसे गेलेच तर पहिल्या तासात काय केलं यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. दुसरा चेक त्याच्याकडे असेल तर त्याचं पेमेंट आधी थांबवा. मग शाखेत लेखी अर्ज द्या: चेकची प्रतिमा, कोणत्या बँकेत, कोणत्या शाखेत, किती वाजता भरला, आणि काउंटरवरचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं ही विनंती. चित्रण काही काळाने पुसलं जातं, त्यामुळे अर्जावर पोच घ्याच. मूळ कागद कुठे आहे हेही विचारा. क्लिअरिंगमधून गेलेला चेक तुमच्या बँकेकडे येतच नाही, तो जिथे भरला गेला त्या बँकेत राहतो. रोखीचा चेक तुमच्याच बँकेत असतो. पुरावा तो कागद आहे, प्रतिमा नव्हे. तो जप्त करा असं पोलिसांना फिर्यादीतच लिहून द्या. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८, बनावटीला ३३६ आणि मौल्यवान रोख्याच्या (चेकही त्यातच येतो) बनावटीला ३३८ आहे. शेवटचं बरंच कडक.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. चेकबुकात त्या चेकच्या खालचं पान तुमच्याकडेच असतं, आणि फाडण्याआधी चेक भरला असेल तर मूळ नाव आणि मूळ आकड्याच्या दाबाच्या खाचा त्या पानावर असतात. शाई उडते, खाच उडत नाही. चेकबुक तसंच पाकिटात घाला, त्यावर काही लिहू नका, वर वजन ठेवू नका, आणि खाचा दिसाव्यात म्हणून पेन्सिल तर मुळीच घासू नका. प्रयोगशाळेत इलेक्ट्रोस्टॅटिक पद्धतीने या खाचा कागदाला धक्का न लावता उठवता येतात. पेन्सिल घासलेल्या पानावर ते काम बिघडतं. महाराष्ट्रात राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचे दस्तऐवज परीक्षक हे काम करतात.

मूळ चेकवरही खुणा राहतात. उष्णतेच्या शाईच्या कॅप्सूल कुठे जात नाहीत, नुसत्या रंगहीन होतात. चेकचा कागद अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात न चमकणारा बनवलेला असतो, त्यामुळे नोटा तपासायच्या साध्या दिव्याखालीही उडालेल्या अक्षरांची पुसट छाया कधी कधी दिसते. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग सापळ्यातल्या नोटांना अँथ्रासीन पावडर लावतो, तीही अशाच दिव्याखाली निळसर चमकते. प्रयोगशाळेत इन्फ्रारेडमध्ये सहीची शाई आणि बाकीच्या मजकुराची शाई वेगळ्या वागतात, आणि कागद उणे वीसच्या खाली थंड केला तर मूळ मजकूर परत येऊ शकतो.

बँक पैसे परत करेल का? इथे खोटी आशा देण्यात अर्थ नाही. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम ८७ प्रमाणे महत्त्वाचा बदल केलेला चेक रद्द ठरतो खरा, पण कलम ८९ म्हणतं की बदल दिसून येत नसेल आणि बँकेने रीतसर पैसे दिले असतील तर तिची जबाबदारी संपते. उडत्या शाईत बदल दिसत नाही, हाच तर मुद्दा. बँकेचा स्वतःचा हलगर्जीपणा दाखवता आला, म्हणजे स्टॉप पेमेंट नोंदवूनही पैसे दिले किंवा पॉझिटिव्ह पेची नोंद न जुळता चेक पास केला, तर बाजू भक्कम होते.

उलट्या दिशेने फसवणूक होते ती चेक घेणाऱ्याची. जुनी गाडी, जनावर किंवा शेतमाल घेणारा चेक देतो, त्यावरची सही दोन दिवसांत पुसट होते आणि मालक बँकेत कोरा कागद घेऊन उभा. अनोळखी माणसाकडून चेक घ्यायचाच तर तो समोर, आपल्या पेनाने लिहून घ्या, लगेच फोटो काढा आणि त्याच दिवशी भरा. विसार पावती किंवा हातउसन्या पैशांची चिठ्ठी असेल तर सहीशेजारी स्टॅम्प पॅडवरचा अंगठाही घ्या. अशा पावत्या जपायच्या म्हणून लॅमिनेट करू नका. ते मशीन शंभर अंशांच्या वर तापतं, आणि लिहिणाऱ्याने कसलाही कपट न ठेवता मुलाचं इरेझेबल पेन वापरलं असलं तरी बाहेर कोरा कागद येतो. तसं झालंच आणि प्रकरण पोलिसांत नसेल, तर कागद कोरड्या प्लास्टिक पिशवीत घालून घरच्या फ्रीजरमध्ये, साधारण उणे अठरा अंशांना, रात्रभर ठेवा. अक्षरं पूर्वीपेक्षा फिकी, पण बहुधा वाचता येतील इतकी परत येतात. लगेच फोटो काढा आणि बॉलपेनाने नवी पावती लिहून त्याच माणसाची सही घ्या.